मेडिकलच्या काउंटरवर हात पुढे करण्याआधी

पावसाळा लागला की संध्याकाळी कुठल्याही गावातल्या मेडिकलसमोर दहा मिनिटं उभं राहून बघा. घसा धरलाय, अंग कसकसतंय, सकाळपासून चार वेळा जाऊन आलो, असं सांगत एकेक जण येतो. काउंटरमागचा मुलगा फडताळावरचं खोकं काढतो, कात्रीने पट्टीतल्या तीन गोळ्या कापतो, ‘रोज एक, जेवल्यावर’ म्हणतो आणि पैसे घेतो. घशासाठी असेल तर बहुतेक वेळा ती अ‍ॅझिथ्रोमायसिन असते. जुलाबासाठी ऑफ्लॉक्सासिन आणि ऑर्निडाझोल एकत्र असलेली गोळी. अशा गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला कायद्याने मनाई आहे. त्यातल्या काही खास जपून वापरायच्या औषधांसाठी तर २०१४ पासून दुकानदाराने वेगळी वही ठेवायची, रुग्णाचं आणि डॉक्टरांचं नाव लिहायचं आणि ती वही तीन वर्षं सांभाळायची असा नियम आहे. तरीही गोळ्या कापल्या जातात, कारण आपण मागतो.

माझं सांगणं या मागण्यापुरतं आहे. स्वतःच्या मनाने अँटिबायोटिक घेऊ नका. घरच्यांना देऊ नका. शेजारणीला उरलेली पट्टी देऊ नका. अशाने जंतू औषधाला दाद देईनासे होतात, हे कारण तुम्ही ऐकलं असेल आणि ते अगदी खरं आहे. पण दुसरंही एक कारण आहे आणि ते थेट तुमच्या-माझ्या पोटातलं आहे. त्याबद्दल फारसं बोललं जात नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आपल्या शरीरात, मुख्यतः मोठ्या आतड्यात, जिवाणूंची प्रचंड वस्ती असते. माणसाच्या पेशींच्या दहापट जिवाणू असतात, असं वर्षानुवर्षं सांगितलं जात होतं. २०१६ साली इस्राएलमधल्या वाइझमन संस्थेतल्या संशोधकांनी हा हिशोब नव्याने मांडला. सत्तर किलो वजनाच्या पुरुषात साधारण ३८ लाख कोटी जिवाणू आणि ३० लाख कोटी स्वतःच्या पेशी, असा त्यांचा अंदाज आला. म्हणजे जवळजवळ बरोबरी. या सगळ्या जिवाणूंचं वजन मिळून पाव किलोच्या आतच भरतं. एवढ्याशा वजनाची ही मंडळी जे काम करतात, ते मात्र आपल्याला स्वतःला जमत नाही. ज्वारीच्या कोंड्यातला, मटकीच्या सालीतला, भाजीच्या देठातला चोथा पचवायला लागणारी पाचकद्रव्यं आपल्या शरीरात जवळपास नाहीतच. तो चोथा जसाच्या तसा मोठ्या आतड्यात उतरतो. तिथले जिवाणू तो आंबवतात आणि त्यातून काही आम्लं तयार होतात. त्यांपैकी ब्युटिरेट हे मोठ्या आतड्याच्या अस्तराच्या पेशींचं मुख्य इंधन आहे. म्हणजे आतड्याची आतली भिंत धडधाकट राहते ती तुम्ही न पचवलेल्या अन्नावर. शिवाय हे जिवाणू काही जीवनसत्त्वं बनवतात, रोगप्रतिकारशक्तीला परकं कोण आणि घरचं कोण हे ओळखायला लावतात, आणि जागा अडवून बसल्यामुळे बाहेरून आलेल्या जंतूला सहजासहजी पाय रोवू देत नाहीत.

हे सगळं कळलं कसं, हेही थोडं सांगायला हवं. कारण या विषयावर आज पैसे मागणारे पुष्कळ झाले आहेत आणि कशावर किती विश्वास ठेवायचा हे त्याशिवाय ठरवता येत नाही. डेल्फ्ट गावचा कापडव्यापारी लेवेनहूक याने १६८३ साली दातांच्या फटीत साचलेलं किटण पाण्यात कालवून आपल्या भिंगाखाली धरलं आणि त्यात वळवळणारे जीव पाहून लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र लिहिलं. त्यानंतर बराच काळ काचेच्या बशीत वाढवता येतील तेवढेच जिवाणू माहीत होते. पण आतड्यातले बहुतेक जिवाणू हवेतला ऑक्सिजन लागताच मरतात. बशीत ते उगवणार कुठून? वाट मोकळी झाली ती जनुकं वाचता येऊ लागल्यावर. आज हे काम असं चालतं: शौचाचा चमचाभर नमुना झाकणाच्या डबीत घ्यायचा, बर्फावर ठेवून प्रयोगशाळेत आणायचा आणि उणे ८० अंशांना गोठवायचा. मग त्यातला थोडासा भाग बारीक मण्यांबरोबर नळीत घालून जोरजोरात हलवायचा, म्हणजे जिवाणूंची कवचं फुटून आतला डीएनए बाहेर येतो. प्रत्येक जिवाणूत ‘१६-एस’ नावाचं एक जनुक असतं. त्याचा काही भाग सगळ्यांत सारखा, काही भाग प्रत्येक कुळात वेगळा. तो वेगळा भाग यंत्राने वाचायचा आणि जगभरच्या नोंदींशी ताडून बघायचा. मिळते ती नावांची यादी आणि कोण किती प्रमाणात आहे याचा अंदाज. त्याच्या पुढे जाऊन नमुन्यातली सगळीच्या सगळी जनुकं वाचण्याची पद्धतही आहे. ती महाग पडते, पण त्यातून हे जिवाणू काय काय करू शकतात तेही कळतं.

अमेरिकेत २००७ मध्ये यासाठी मोठा सरकारी प्रकल्प सुरू झाला. २०१२ मध्ये २४२ निरोगी माणसांच्या तोंडातल्या, नाकातल्या, त्वचेवरच्या आणि आतड्यातल्या वस्तीचा नकाशा प्रसिद्ध झाला. त्यातली सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट ही की दोन धडधाकट माणसांची वस्ती एकमेकांसारखी नसते. आपल्याकडे पुण्याच्या नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्समध्ये डॉ. योगेश शौचे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय लोकांच्या आतड्यांचा अभ्यास केला. पाश्चात्त्य लोकांच्या तुलनेत आपल्या लोकांत प्रेव्होटेला आणि मेगास्फेरा हे जिवाणू जास्त आढळले. प्रेव्होटेलाचं नातं धान्य आणि चोथा भरपूर असलेल्या जेवणाशी आहे. तेव्हा अमेरिकेतल्या माणसाच्या अहवालाशी तुलना करून कुणी तुमचं आतडं ‘बिघडलेलं’ ठरवत असेल तर ते मनावर घेऊ नका.

आता त्या तीन गोळ्यांकडे येतो.

अँटिबायोटिक पोटात गेल्यावर फक्त घशातल्या जंतूला शोधत नाही. ते सगळीकडे पोहोचतं आणि ज्या ज्या जिवाणूंवर चालतं त्या सगळ्यांना मारतं. डेन्मार्कच्या संशोधकांनी १२ निरोगी तरुणांना चार दिवस तीन जबरदस्त अँटिबायोटिकं एकत्र दिली आणि सहा महिने त्यांच्या आतड्यातल्या वस्तीवर नजर ठेवली. हे काम २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं. सुरुवातीला नेहमीचे रहिवासी नाहीसे झाले आणि एरवी कोपऱ्यात असणारे, त्रासदायक ठरू शकणारे जिवाणू बोकाळले. दीड महिन्यात वस्ती बरीचशी पूर्वपदावर आली. पण आधी सगळ्यांमध्ये असलेल्या नऊ जाती १८० दिवसांनंतरही बहुतेकांत सापडल्या नाहीत. ती औषधं रुग्णालयात शेवटचा उपाय म्हणून दिली जाणारी होती. मेडिकलमधल्या तीन गोळ्यांनी एवढी पडझड होईलच असं मी म्हणत नाही. दिशा मात्र तीच असते. तणनाशक मारून मोकळ्या केलेल्या रानात पहिल्यांदा काय उगवतं हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही: गाजरगवत.

आतड्यातलं सगळ्यांत वाईट गाजरगवत म्हणजे क्लोस्ट्रिडिऑइडिस डिफिसील. अँटिबायोटिकनंतर रिकाम्या झालेल्या जागी हा जिवाणू माजला की दिवसातून दहा-दहा वेळा जुलाब होतात, आतड्याला सूज येते, म्हातारी माणसं दगावतात. औषधाने बरं वाटतं आणि पुन्हा उलटतं. अ‍ॅमस्टरडॅमच्या डॉक्टरांनी अशा वारंवार उलटणाऱ्या रुग्णांवर एक चाचणी घेतली आणि २०१३ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. निरोगी दात्याच्या शौचातले जिवाणू, गाळून, नाकातून घातलेल्या नळीने रुग्णाच्या आतड्यात सोडले. १६ पैकी १३ जण पहिल्याच खेपेला बरे झाले, आणखी दोघे दुसऱ्या खेपेला. नेहमीचं औषध दिलेल्या १३ जणांपैकी फक्त चार. फरक इतका मोठा होता की चाचणी मध्येच थांबवावी लागली. जिवाणूंची वस्ती गेली की आजार येतो आणि ती परत बसवली की जातो, याचा माणसांमध्ये एवढा स्पष्ट पुरावा दुसऱ्या आजारात अजून मिळालेला नाही. हे ऐकून घरी असला प्रयोग कुणी करू नये. २०१९ मध्ये अमेरिकेत, दात्याच्या नमुन्याची पुरेशी तपासणी न झाल्यामुळे, औषधांना दाद न देणारे जंतू रुग्णाच्या शरीरात जाऊन एकाचा मृत्यू झाला होता.

मग आजारी पडल्यावर करायचं काय? सर्दी, पडसं, फ्लू, बहुतेक घसेदुखी हे विषाणूंचे आजार. डेंग्यू आणि चिकनगुनियाही विषाणूंचेच. विषाणूवर अँटिबायोटिक काहीही करत नाही. साध्या जुलाबात जीव जातो तो अंगातलं पाणी आणि मीठ गेल्यामुळे. तिथे ओआरएसचं पाकीट लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात कालवून घोट घोट पाजणं हेच औषध, आणि लहान मुलांना डॉक्टरांच्या सल्ल्याने झिंक. शौचात रक्त आलं, ताप चढला, पोर मलूल झालं, डोळे खोल गेले, लघवी कमी झाली, तर मात्र घरी थांबू नका.

डॉक्टरांकडे गेल्यावर ‘जरा स्ट्राँग गोळ्या द्या, उद्या कामावर जायचंय’ असं म्हणू नका. या एका वाक्याने किती चिठ्ठ्या बदलतात ते डॉक्टरांनाच विचारा. दोन दिवसांत उतार पडला नाही तर ‘यांच्या हाताला गुण नाही’ म्हणून पेशंट दुसऱ्या दारात जाईल, ही भीती त्यांनाही असते. त्याऐवजी सरळ विचारा: हा जिवाणूंचा आजार आहे का? अँटिबायोटिक लागेलच का, की दोन दिवस वाट बघता येईल? लागलं तर किती दिवस? चांगले डॉक्टर या प्रश्नांवर रागावत नाहीत. आणि औषध हातात आल्यावर पट्टी उलटी करून बघा. मागच्या बाजूला उभी लाल रेघ दिसली तर ते औषध चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही. केंद्र सरकारने २०१६ मध्ये या लाल रेघेबद्दल जागृतीची मोहीमही चालवली होती. पुढच्या वेळी काउंटरवर गोळ्या कापून मिळाल्या तर पट्टीची मागची बाजू दाखवा म्हणा.

एक गोष्ट ठामपणे सांगतो, नाहीतर माझ्या सांगण्याचा उलटा अर्थ निघेल. न्यूमोनिया, विषमज्वर, लघवीच्या मार्गाचा संसर्ग, रक्तात पसरलेला जंतू यांत अँटिबायोटिक जीव वाचवतं. टीबीची औषधं महिनोन्‌महिने घ्यावीच लागतात. ‘पोटातले चांगले जिवाणू मरतील’ म्हणून ती कुणी सोडली तर ते स्वतःच्या आणि घरातल्यांच्या जिवावर बेतेल. डॉक्टरांनी तपासून दिलेलं औषध सांगितलेले सगळे दिवस घ्या. बरं वाटलं तरी मध्येच आपल्या मनाने बंद करू नका.

आणखी एक सवय अनेक घरांत शिरली आहे. सकाळी उठल्या उठल्या अ‍ॅसिडिटीची गोळी, पॅन्टोप्राझोल किंवा तसलीच एखादी, वर्षानुवर्षं. जठरातलं आम्ल हा वरून येणाऱ्या जंतूंना अडवणारा दरवाजा आहे. तो कायम उघडा ठेवला तर तोंडातले जिवाणू खाली आतड्यात उतरून मुक्काम करतात असं अभ्यासांत दिसलं आहे. काहींना ही गोळी खरोखर लागते. तुम्हाला लागते का, हे एकदा डॉक्टरांना विचारून घ्या.

आता खाण्याबद्दल, आणि इथे मला मनापासून आनंदाने सांगता येतं की फार काही नवं आणावं लागणार नाही. ज्वारी-बाजरीची भाकरी, नाचणी, सालासकटची मुगाची डाळ, मोड आलेली मटकी, चवळी, हुलगे, पावटे, शेवग्याच्या शेंगा, केळफूल, अळू, माठ, शेंगदाणे, जवसाची चटणी. हा सगळा जिवाणूंचा शिधा आहे. यातलं जितकं निरनिराळं पोटात जाईल तितक्या निरनिराळ्या जिवाणूंचं भागतं. हा शिधा बंद झाला तर काय होतं ते उंदरांमध्ये पाहिलं गेलं आहे. चोथा न मिळालेले जिवाणू आतड्याच्या अस्तरावरचा बुळबुळीत थर खायला लागले, तो पातळ झाला आणि रोगजंतूला वाट मिळाली. मैद्याची बिस्किटं, पाव, फरसाण आणि चहा यांवर दिवस काढणाऱ्या मुलांकडे बघताना मला याची काळजी वाटते.

शेजारच्या बांगलादेशातलं एक काम मला फार मोलाचं वाटतं. ढाक्याच्या मिरपूर वस्तीतल्या कुपोषित लहान मुलांना काय खाऊ घातलं तर त्यांच्या वयाला शोभेल अशी जिवाणूंची वस्ती तयार होईल, याचा शोध तिथल्या डॉक्टरांनी अमेरिकेतल्या सेंट लुइसचे संशोधक जेफ्री गॉर्डन यांच्या गटाबरोबर घेतला. शेवटी हाती आलं ते हरभऱ्याचं पीठ, सोयाबीनचं पीठ, शेंगदाण्याचं पीठ आणि कच्चं केळं, वर थोडं तेल, साखर आणि जीवनसत्त्वं. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तीन महिने हे खाल्लेल्या मुलांचं वजन, नेहमीचा तयार पूरक आहार मिळालेल्या मुलांपेक्षा जास्त वेगाने वाढलं, तेही कॅलरी कमी असताना. मेळघाटात, नंदुरबारला, पालघरला अंगणवाडीच्या आहाराचा विचार करणाऱ्यांनी हे काम मुळातून वाचावं अशी माझी विनंती आहे.

दही-ताक जरूर घ्या. पण विरजणातले जिवाणू पोटात कायमचे राहायला जात नाहीत. येतात, काही काम करतात, निघून जातात. म्हणून रोज थोडं घेणं बरं. इडली-आंबोळीत आंबवणारे जिवाणू वाफेने, तव्यावर मरतात. त्या पचायला हलक्या होतात हा लाभ वेगळा. आणि आजवर चोथा कमी खात असाल तर उद्यापासून वाटीभर हुलगे सुरू करू नका, पोट फुगेल. आठवड्या-आठवड्याने वाढवा, पाणी जास्त प्या. आतड्याचा जुना आजार किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आधी विचारा.

बाजारात मिळणाऱ्या दोन गोष्टींवर सध्या पैसे घालू नका, असं माझं मत आहे. पहिली, घरबसल्या शौचाची तपासणी करून ‘तुमच्या आतड्याचे गुण’ सांगणारी महागडी चाचणी. निरोगी वस्ती नेमकी कशी असते हेच अजून ठरलेलं नाही, तर गुण कशाच्या आधारावर द्यायचे? दुसरी, ‘अमुक कोटी जिवाणू’ असं ठळक छापलेल्या प्रोबायोटिक कॅप्सूल, उगाच चांगल्या म्हणून घेतलेल्या. अँटिबायोटिकनंतर त्या घेतलेल्यांमध्ये मूळची वस्ती परत यायला उलट जास्त वेळ लागला, असं वाइझमन संस्थेच्या २०१८ च्या एका लहान अभ्यासात दिसलं. याचा अर्थ जिवाणू औषध म्हणून कधीच उपयोगी नाहीत असा नाही. ओडिशाच्या खेड्यांत ४,५५६ नवजात बाळांवर झालेल्या चाचणीत, नीट पारखून निवडलेला एक लॅक्टोबॅसिलस आणि त्याचं खाद्य सात दिवस दिल्यावर रक्तातला जंतुसंसर्ग आणि मृत्यू मिळून ४० टक्क्यांनी कमी झाले. २०१७ मध्ये हे प्रसिद्ध झालं. नेमका जिवाणू, नेमक्या वयात, नेमक्या कामासाठी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, असं असेल तर गोष्ट वेगळी. तो जिवाणू आणि दुकानातली कॅप्सूल एक नव्हेत.

बाळाचा विषय निघालाच आहे तर घरातल्या आज्यांना आणि आत्यांना हात जोडून सांगतो. बाळंतिणीचा चीक काढून टाकू नका. तो बाळाच्या पोटात जाऊ द्या, जन्मल्यापासून तासाभरात. आईच्या दुधात अशा काही शर्करा असतात ज्या बाळाला स्वतःला पचवताच येत नाहीत. त्या बाळाच्या आतड्यातल्या बिफिडो जिवाणूंसाठी असतात, आणि दुधातल्या घन पदार्थांत लॅक्टोज आणि स्निग्धांशानंतर त्यांचाच नंबर लागतो. सहा महिने फक्त अंगावरचं दूध. मधाचं बोट नको, गुटी नको, वरचं पाणीही नको. वर्षाच्या आतल्या बाळाला मध देणं धोक्याचं आहे. सिझर झालं असेल तर बाळाची सुरुवातीची वस्ती थोडी वेगळी असते हे खरं, पण त्याचा दोष आईने मनाला लावून घेऊ नये. दूध पाजायला सिझर आड येत नाही.

लहान मुलाला सर्दी-तापात अँटिबायोटिकचं सिरप आपल्या मनाने देऊ नका; गेल्या वेळची उरलेली बाटली तर अजिबात नको. मात्र तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला, बाळ दूध ओढेनासं झालं, अंग गार पडलं किंवा श्वास भराभर चालू लागला, तर रात्र असली तरी तडक दवाखान्यात न्या, आणि तिथे डॉक्टरांनी अँटिबायोटिकचं इंजेक्शन द्यायचं ठरवलं तर पोटातल्या जिवाणूंचा विचार करत क्षणभरही अडून बसू नका.